वोनसान, ऑक्टोबर १९५० : सुरुंगसफाईची छोटी जहाजे आणि आधीच ठरलेली तारीख

प्रकरण थोडक्यात

१० ऑक्टोबर १९५० रोजी उत्तर कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावरील वोनसान बंदराच्या तोंडाशी अमेरिकी आरमाराच्या सुरुंगसफाई तुकडीने काम सुरू केले, तेव्हा तिच्या हाती फक्त दहा दिवस होते. २० ऑक्टोबरला या बंदरात सैन्य उतरवायचे हे वर ठरलेले होते. पाण्याखाली काय पेरले आहे, किती खोलीवर आहे आणि किती दूरपर्यंत पसरले आहे, याची खात्रीची माहिती मात्र तारीख ठरवताना कोणाजवळही नव्हती. पुढच्या नऊ दिवसांत सफाई करणारी चार जहाजे बुडाली, अडीचशे जहाजांचा ताफा बंदराबाहेर खोळंबून राहिला आणि सैन्य अखेर २५-२६ ऑक्टोबरला उतरले. तोपर्यंत ते शहर मित्रसैन्याच्या ताब्यात येऊन दोन आठवडे उलटले होते.

या प्रकरणातले वरिष्ठ अधिकारी सार्वजनिक नोंदींतून सर्वांना माहीत आहेत, म्हणून गरजेपुरती त्यांची नावे घेतली आहेत. जहाजांचे कप्तान आणि खलाशी यांचा उल्लेख मात्र हुद्द्यानेच केला आहे, कारण येथे पाहायचे आहेत ते निर्णय.

पार्श्वभूमी

सप्टेंबर १९५० मधील पश्चिम किनाऱ्यावरच्या इंचॉनच्या यशस्वी चढाईनंतर मित्रसैन्याचे सरसेनापती जनरल मॅकआर्थर यांनी दहावी कोअर, म्हणजे तिथे उतरलेले मोठे सैन्यदल, तिथून पुन्हा जहाजांवर चढवून, द्वीपकल्पाला समुद्रमार्गे वळसा घालून पूर्वेकडे वोनसानला उतरवण्याचे ठरवले. सोलहून वोनसानकडे जाणारा खुष्कीचा मार्ग उपलब्ध होता. आरमाराचे व्हाइस ॲडमिरल टर्नर जॉय आणि रिअर ॲडमिरल जेम्स डॉयल या दोघांच्याही मते पायी आणि ट्रकने जाणे अधिक सोपे आणि लवकर होणारे होते. त्यांचे म्हणणे मान्य झाले नाही.

सुरुंगांची चाहूल त्याआधीच लागली होती. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पूर्व किनाऱ्यावर ‘ब्रश’ ही विनाशिका सुरुंगावर आदळली आणि तिच्यावरचे १३ जण दगावले. काही दिवसांतच ‘मॅगपाय’ हे सुरुंगसफाईचे छोटे लाकडी जहाज तरंगत्या सुरुंगाला लागून फुटले. त्यावरच्या ३३ पैकी १२ जण वाचले. ज्या किनाऱ्यावर शत्रूचे नाव घेण्यासारखे आरमार उरले नव्हते, तिथे हे घडत होते.

सुरुंग सोव्हिएत बनावटीचे होते आणि ते पेरण्याचे तंत्रही सोव्हिएत सल्लागारांनीच शिकवले होते. पेरणीला मात्र खास जहाजे लागली नाहीत. साध्या सांपान होड्या आणि ओढून नेलेले तराफे यांच्या मागच्या टोकावरून सुरुंग एकेक करून पाण्यात ढकलले गेले. वोनसानच्या आसपास अशा रीतीने सुमारे तीन हजार सुरुंग पेरले गेले असावेत असा नंतरचा अंदाज आहे.

जहाजे आणि साधने

या तुकडीत दोन प्रकारची जहाजे होती आणि त्यांतला फरक पुढच्या सगळ्या निर्णयांच्या मुळाशी आहे.

पहिला प्रकार पोलादी जहाजांचा. त्यांची लांबी सुमारे १८५ फूट होती आणि बूड पाण्याखाली दहा फुटांच्या आसपास जात असे. दुसरा प्रकार किनारी लाकडी जहाजांचा. ही १३६ फूट लांबीची जहाजे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या यॉट आणि मासेमारीच्या होड्या बांधणाऱ्या छोट्या गोद्यांनी शेकड्यांनी बांधली होती. प्रत्येकावर तीसेक माणसे असत. १९४७ मध्ये त्यांना पक्ष्यांची नावे मिळाली, आणि वोनसानला आलेली ‘रेडहेड’, ‘काइट’, ‘ऑस्प्रे’, ‘चॅटरर’, ‘मॉकिंगबर्ड’, ‘मर्गान्सर’, ‘पार्ट्रिज’ ही सगळी त्याच कुळातली. त्यांचे बूड उथळ होते आणि लाकडी सांगाड्यामुळे त्यांचा चुंबकीय प्रभावही कमी होता. सुरुंगाच्या पाण्यात या दोन गोष्टींवर जीव अवलंबून असतो.

संख्या मात्र फारच तुटपुंजी होती. महायुद्ध संपताना पॅसिफिकमध्ये अमेरिकेजवळ सुरुंगांशी संबंधित पाचशेहून अधिक जहाजे होती. १९४७ मध्ये खर्च कमी करण्यासाठी पॅसिफिकमधले सुरुंगदलाचे स्वतंत्र मुख्यालयच बंद करण्यात आले. जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले तेव्हा अतिपूर्वेत सहा लाकडी आणि चार पोलादी अशी दहा सफाई जहाजे होती, आणि त्या चार पोलादी जहाजांपैकी एकच चालू स्थितीत होते. बाकीची तीन घाईघाईने माणसे जमवून पुन्हा कामाला लावावी लागली.

सफाई प्रत्यक्षात कशी चालते, हे येथे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय १२ ऑक्टोबरला काय झाले ते नीट कळत नाही. साधा स्पर्श-सुरुंग म्हणजे दोन-अडीचशे किलो स्फोटकांनी भरलेला लोखंडी गोळा. तळाशी वजनदार नांगर, त्याला दोर, आणि त्या दोराच्या टोकाला हा गोळा पृष्ठभागाखाली काही फुटांवर उभा तरंगत असतो. त्याच्या अंगावर शिसाच्या शिंगांसारखे कोंब असतात. प्रत्येक शिंगाच्या आत द्रवाने भरलेली काचेची नळी असते. जहाजाचे बूड शिंगाला लागले की शिसे वाकते, नळी फुटते, द्रव उतरून बॅटरी जिवंत होते आणि स्फोट होतो.

सफाई जहाज आपल्या मागे, एका बाजूला तिरपी जाणारी पोलादी तार ओढत चालते. तार बाहेर खेचून धरायला एक फळी असते, ती ठरलेल्या खोलीवर राहावी म्हणून दुसरी फळी असते, आणि टोकाला एक तरंगता बोया असतो. तारेवर ठिकठिकाणी कात्र्या बसवलेल्या असतात. सुरुंगाचा दोर या तारेवर घसरत कात्रीत जातो आणि तुटतो. मग काळा गोळा उसळी मारून पाण्यावर येतो आणि डेकवर बंदूक घेऊन उभा असलेला खलाशी त्याला नेम धरून फोडतो किंवा बुडवतो. लाटेवर डोलणाऱ्या, अर्ध्याहून अधिक पाण्यात असलेल्या गोळ्यावर हलत्या डेकवरून नेम धरणे किती अवघड असेल याची कल्पना करावी. एका सुरुंगावर कित्येक गोळ्या वाया जात.

जहाजे एकामागे एक, पण थोडी बाजूला सरकून चालतात. दुसरे जहाज पहिल्याच्या तारेने साफ केलेल्या पट्ट्यात राहते आणि तिसरे दुसऱ्याच्या. पहिल्या जहाजापुढे मात्र कोणीच नसते. त्याची तार त्याच्या मागे असते, त्यामुळे त्याचे स्वतःचे बूड न तपासलेल्या पाण्यातूनच जाते. म्हणून पुढच्या जहाजाचे बूड जितके उथळ, तितके बरे.

तळाशी पडून राहणाऱ्या चुंबकी सुरुंगावर ही तार काहीच चालत नाही. त्याच्यासाठी जहाजामागे तरंगत्या जाड केबल सोडून समुद्रात विजेचे झटके द्यावे लागतात. शिवाय अशा सुरुंगात मोजणीचे यंत्र असू शकते. ते पहिल्या काही जहाजांना मुकाट्याने जाऊ देते आणि नंतरच्या एखाद्यावर फुटते. एकदा फिरवलेला पट्टा ‘साफ’ म्हणता येत नाही तो या कारणाने.

समस्या

तुकडीचे प्रमुख कॅप्टन रिचर्ड स्पॉफर्ड यांच्यापुढचा प्रश्न शब्दांत सोपा होता: खोल समुद्रापासून किनाऱ्यापर्यंत मोठी जहाजे जातील असा रस्ता २० ऑक्टोबरच्या आत मोकळा करा. जहाजे दहाच्या आसपास होती, सुरुंगांचा नकाशा नव्हता आणि आतल्या बेटांवर शत्रूच्या तोफा होत्या.

पहिला दिवस चांगला गेला. १०० वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) खोलीपासून ३० वाव खोलीपर्यंत सुमारे बारा मैल लांब आणि तीन हजार यार्ड रुंद पट्टा साफ झाला. मग ‘वुस्टर’ या क्रूझरच्या हेलिकॉप्टरमधून पुढे पाहणाऱ्याने कळवले की समोर सुरुंगांच्या एकामागे एक पाच ओळी आहेत.

त्याच सुमारास, १० आणि ११ ऑक्टोबरला, दक्षिण कोरियाच्या सैन्याने जमिनीवरून येऊन वोनसान शहर ताब्यात घेतले.

माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत मोठा निर्णयबिंदू हाच आहे, आणि तो तसा कोणाला वाटला नाही. शहर हाती आले होते. किनाऱ्यावर गोळीबारात उतरण्याची गरज संपली होती. वोनसानला उतरायचे होते ते मरीन सैनिक अजून इंचॉनला जहाजांवर चढतच होते. बंदर पुढे रसद उतरवायला लागणारच होते, हे खरे. ते २० तारखेलाच का लागावे, हा प्रश्न मात्र नव्याने विचारायला हवा होता. एका कारणासाठी ठरलेली तारीख ते कारण नाहीसे झाल्यावरही तशीच राहिली, आणि तिचा भार तीसेक माणसांच्या लाकडी जहाजांवर आला.

समोर असलेले पर्याय

स्पॉफर्ड यांच्यासमोर पहिला पर्याय होता पाच ओळींना सरळ भिडण्याचा. वेळेच्या हिशेबात तो बसत नव्हता, म्हणून सोडला गेला.

दुसरा पर्याय होता वाट बदलण्याचा. उत्तरेकडून, रशियन जहाजे पूर्वी वापरत तो मार्ग बेटांमधून आत जात होता. ज्यांनी सुरुंग पेरायला शिकवले त्यांच्या नेहमीच्या वाटेवर कमी सुरुंग असतील असा तर्क त्यामागे होता. तर्क चुकीचा म्हणता येत नाही, पण त्याला कोणत्याही माहितीचा आधार नव्हता. हाच पर्याय निवडला गेला.

तिसरा पर्याय विमानांचा. वरून बॉम्ब टाकून त्यांच्या धक्क्याने सुरुंग फोडायचे आणि मग जहाजे आत न्यायची. हेही करून पाहण्याचे ठरले.

चौथा पर्याय सर्वांत संथ होता. आधी बेटांवरच्या तोफा बंद करायच्या, पाणबुडे आणि छोट्या होड्या पुढे पाठवून उथळ सुरुंग शोधायचे, हेलिकॉप्टर व उडत्या बोटींनी (पाण्यावर उतरू शकणाऱ्या विमानांनी) वरून प्रत्येक ओळ टिपायची, शहरात माणसे पाठवून सुरुंग कुठे जोडले आणि कोणी पेरले याची चौकशी करायची, आणि मगच लाकडी जहाजे व शेवटी पोलादी जहाजे आत न्यायची. यातले प्रत्येक साधन उपलब्ध होते आणि पुढच्या आठवड्यात प्रत्येक वापरलेही गेले. फक्त क्रम उलटा झाला.

१२ ऑक्टोबर

सकाळी विमानवाहू जहाजांवरून ३९ विमाने आली आणि त्यांनी ठरलेल्या पट्ट्यावर हजार पौंडी बॉम्ब टाकले. पाण्याचे खांब उठले, पण सुरुंग फुटल्याची खूण फारशी दिसली नाही. बॉम्बच्या स्फोटाचा धक्का पाण्यात थोड्याच अंतरापर्यंत सुरुंग फोडण्याइतका जोरकस राहतो, आणि सुरुंगांमधले अंतर त्याहून जास्त होते.

त्यानंतर ‘पायरेट’, ‘प्लेज’ आणि ‘इन्क्रेडिबल’ ही तीन पोलादी जहाजे याच क्रमाने आत निघाली. ‘रेडहेड’ आणि ‘काइट’ ही लाकडी जहाजे त्यांच्या मागे होती. तोफांचा आधार द्यायला ‘एंडिकॉट’ ही विनाशिका होती.

न तपासलेल्या पाण्यात शिरताच ‘पायरेट’च्या तारेने एकापाठोपाठ सुरुंग कापायला सुरुवात केली. मागच्या जहाजांच्या तारांतही सुरुंग आले. पाण्यावर काळे गोळे दिसू लागले. वरून हेलिकॉप्टरने आणखी ओळी पुढे असल्याचे सांगितले. ‘पायरेट’ला आता वळायला जागा नव्हती, कारण दोन्ही बाजूंचे पाणी न तपासलेले होते आणि मागे पसरलेल्या तारांसह जहाज जागच्या जागी फिरत नाही. ते सरळ पुढे गेले. दुपारी १२ वाजून ९ मिनिटांनी त्याच्या बुडाखाली सुरुंग फुटला आणि चार मिनिटांत ते उलटून बुडाले.

त्याच वेळी सिन-डो बेटावरच्या तोफांनी मारा सुरू केला. पाण्यात पडलेली माणसेही त्या माऱ्याखाली होती.

‘प्लेज’च्या कप्तानापुढे काही मिनिटांत तीन गोष्टी एकदम आल्या: समोर पाण्यात सोबत्यांची माणसे, बाजूने तोफांचा मारा, आणि चहूकडे सुरुंग. त्याने होडी खाली सोडली, आपल्या तीन इंची तोफेने बेटावर उलट मारा केला आणि तार तोडून टाकली, म्हणजे हालचाल करता यावी. मारा वाढत गेला. अखेर त्याने साफ झालेल्या पाण्याकडे जहाज वळवायचा प्रयत्न केला. वळतानाच, ‘पायरेट’नंतर दहा-बारा मिनिटांत, ‘प्लेज’ही सुरुंगावर आदळले.

या कप्तानाला दोष देणारे लिखाण माझ्या मनाला पटत नाही. जागीच थांबून राहिले असते तर तोफांनी जहाज फोडले असते; पुढे गेले असते तर ‘पायरेट’चेच झाले असते. वळण्यात निदान वाचण्याची शक्यता होती. ज्या जागी कोणताही निर्णय जवळजवळ सारखाच ठरतो, तिथे माणसाला आणून सोडणारा निर्णय आधी आणि दुसऱ्या कोणी घेतलेला असतो. आपण तो शोधायला हवा.

तिसऱ्या जहाजाचे, ‘इन्क्रेडिबल’चे, यंत्र नेमके त्याच वेळी बंद पडले आणि ते साफ केलेल्या पट्ट्यात राहिले. ‘एंडिकॉट’च्या होड्यांनी माणसे उचलली. दोन्ही जहाजांवरचे मिळून डझनभर खलाशी गेले आणि कित्येक डझन जखमी झाले.

क्रम बदलतो

या घटनेनंतर कामाची पद्धत बदलली. ती बदलायला दोन जहाजे जावी लागली, हे या अभ्यासातले सर्वांत कष्टाचे वाक्य आहे.

‘मरिनर’ उडत्या बोटी आणि हेलिकॉप्टरे रोज खाली उतरून पाण्यात सुरुंग हेरू लागली. वरून उथळ सुरुंग काळ्या ठिपक्यांसारखे दिसत आणि उडत्या बोटीतले बंदुकधारी ते गोळ्यांनी फोडत. पाणबुडे होड्यांतून पुढे जाऊन सुरुंगांवर खूण करू लागले. लाकडी जहाजे आता खऱ्या अर्थाने कामाच्या मध्यभागी आली. सुरुंगविषयक गुप्तवार्तेचा एक अधिकारी किनाऱ्यावर उतरला. सुरुंग ज्या जागी जोडले गेले होते तिथे त्याने चौकशी केली, आणि त्यातून चुंबकी सुरुंग पेरले गेल्याचा पुरावा मिळाला. शहर हाती आल्या दिवशी हीच चौकशी झाली असती, तर पुढचे नुकसान टळले असते असे मानायला जागा आहे.

जपानी तुकडीचा भाग वेगळा सांगायला हवा. १९४५ पासून जपानची माणसे आपल्या किनाऱ्याभोवतीचे युद्धकालीन सुरुंग काढत होती. जगात त्या वेळी या कामाचा सर्वांत ताजा अनुभव त्यांच्याजवळ होता. ऑक्टोबरच्या सुरुवातीला अमेरिकी आरमाराने जपानच्या सागरी सुरक्षा संस्थेकडे जहाजे मागितली आणि ती वोनसानला आली. १७ ऑक्टोबरला त्यांतले एक जहाज सुरुंगाला लागून बुडाले. एकाचा मृत्यू झाला आणि १८ जण जखमी झाले. जपानी कप्तानांचे म्हणणे होते की आधी छोट्या होड्यांनी उथळ पाण्यातली सफाई व्हावी. ते मान्य झाले नाही आणि त्यांची तीन जहाजे परत गेली. युद्धात भाग न घेण्याचे घटनेत लिहिलेल्या देशाच्या नाविकाचा हा मृत्यू पुढे अनेक वर्षे जाहीर झाला नाही. त्यांच्या म्हणण्यात दम होता, कारण पाच दिवसांपूर्वी पोलादी जहाजे नेमकी याच कारणाने बुडाली होती.

१८ ऑक्टोबरला किनाऱ्यापर्यंतचा रस्ता जवळजवळ मोकळा झाल्यासारखे वाटत होते. दक्षिण कोरियाचे एक लाकडी सफाई जहाज, अमेरिकी पक्ष्यांच्या नावांच्या जहाजांचेच भावंड, साफ म्हणून नोंदलेल्या पाण्यातून जात असताना अचानक उडाले. लाकडी असूनही ते वाचले नाही. तळाशी चुंबकी सुरुंग होता आणि आधीची जहाजे त्यावरून सुखरूप गेली होती.

यानंतर मोहिमेचे नौदल प्रमुख व्हाइस ॲडमिरल आर्थर स्ट्रबल यांनी तारीख पुढे ढकलली. हा निर्णय योग्य होता आणि तो घ्यायला धैर्य लागले, कारण ताफा निघालेला होता आणि वरून दाब होता. तो १२ ऑक्टोबरला झाला असता तर ‘पायरेट’ आणि ‘प्लेज’ वाचली नसती, पण जपानी आणि कोरियन जहाजे कदाचित वाचली असती.

परिणाम

१९ ऑक्टोबरला वाहतूक जहाजे वोनसानच्या बाहेर पोहोचली आणि त्यांना आत जाता आले नाही. दर बारा तासांनी दिशा बदलत ती समुद्रात वर-खाली येरझारा घालत राहिली. मरीन सैनिकांनी या फेऱ्यांना दोरीवर खालीवर होणाऱ्या यो-यो खेळण्याचे नाव दिले. अन्न संपत आले, गर्दीमुळे आजार पसरले आणि एका जहाजावर शेकडो सैनिक पोटाच्या विकाराने आडवे झाले. चुंबकी सफाई त्या काळात चालूच होती. २५ ऑक्टोबरला जहाजे आत आली आणि सैनिक कोरड्या पायांनी किनाऱ्यावर उतरले. त्यांच्याआधी त्यांच्याच विमानदलाचे लोक वोनसानच्या विमानतळावरून काम करत होते आणि एका प्रसिद्ध विनोदी कलाकाराचा कार्यक्रमही तिथे होऊन गेला होता. दुसऱ्या एका डिव्हिजनला तर उत्तरेला इवॉनला नेण्यात आले. तिथे सुरुंग नव्हते.

वोनसानला अंदाजे २२५ सुरुंग काढले गेले. पेरलेल्यांच्या मानाने हा आकडा लहान आहे, आणि एवढ्याशा सफाईला इतकी किंमत पडली हे लक्षात घ्यावे. रिअर ॲडमिरल ॲलन स्मिथ यांनी वर पाठवलेल्या संदेशात म्हटले, की आरमार नसलेल्या राष्ट्राने पहिल्या महायुद्धाआधीची शस्त्रे येशूच्या जन्मकाळी होत्या तशा होड्यांतून पेरून समुद्र आमच्या हातून काढून घेतला. नौदलप्रमुख ॲडमिरल फॉरेस्ट शर्मन यांचा निष्कर्ष असा होता, की हवे तिथे आणि हवे तेव्हा जाता येत नसेल तर समुद्रावर ताबा आहे असे म्हणता येत नाही.

या युद्धात अमेरिकी आरमाराची पाच जहाजे बुडाली आणि पाचही सुरुंगांनीच. त्यांतली चार सफाई जहाजे होती: ‘मॅगपाय’, ‘पायरेट’, ‘प्लेज’ आणि फेब्रुवारी १९५१ मध्ये वोनसानजवळच गेलेले ‘पार्ट्रिज’. पाचवे जहाज टग, म्हणजे दुसरी जहाजे ओढून नेणारे होते.

वोनसाननंतर अमेरिकेने लाकडी, कमी चुंबकीय प्रभावाच्या नव्या सफाई जहाजांची मोठी बांधणी हाती घेतली. ब्रिटननेही याच अनुभवाने ‘टन’ वर्गाची किनारी जहाजे बांधली, आणि त्यांतली चार १९५० च्या दशकात भारतीय नौदलात आली: ‘कारवार’, ‘काकिनाडा’, ‘कन्नानोर’ आणि ‘कडलोर’. त्याहून लहान वर्गातल्या एका जहाजाला ‘बसीन’ म्हणजे आपल्या वसईचे नाव होते. पुढे सोव्हिएत बनावटीच्या सफाई जहाजांत ‘रत्नागिरी’ आणि ‘कोंकण’ ही नावेही आली. कोकणच्या किनाऱ्याला सुरुंगांची ओळख त्याही आधीची आहे. १९१७ च्या सुरुवातीला ‘वुल्फ’ या जर्मन जहाजाने मुंबईबाहेर गुपचूप सुरुंग पेरले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये ‘मंगोलिया’ हे प्रवासी जहाज त्यांतल्या एकावर आदळून मुंबईच्या दक्षिणेस बुडाले.

वेगळे काय करता आले असते

तीन आठवड्यांतच याच आरमाराने वेगळे काय करता येते ते दाखवून दिले. कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे चिन्नाम्पो बंदर ऑक्टोबरच्या अखेरीपासून साफ करायला घेतले. तिथे आधी स्थानिक नाविकांशी बोलून सुरुंग कुठे पेरले आहेत याचा शक्य तितका नकाशा तयार केला गेला. उडत्या बोटी आणि हेलिकॉप्टरे पहिल्या दिवसापासून हाताशी होती. उथळ पाण्यासाठी छोट्या होड्या होत्या. काम नोव्हेंबरमध्ये चालले आणि एकही सफाई जहाज गेले नाही.

वोनसानला यांतले बरेचसे १० ऑक्टोबरला शक्य होते, पण सगळे नाही. पाणबुडे आणि विमाने होती. मात्र सफाईचे काम आणि पाहणीचे काम यांची सांगड घालायची पद्धत कोणीच वापरून पाहिलेली नव्हती. १९४७ नंतर ज्या ज्ञानाचे मुख्यालयच बंद झाले, ते ज्ञान दोन दिवसांत पुन्हा गोळा होत नाही. म्हणून स्पॉफर्ड यांच्यावर सगळा दोष टाकणे अन्याय्य ठरेल. पोलादी जहाजे पुढे घालण्याचा निर्णय मात्र त्यांच्या हातात होता. वेळ वाचवायला मोठी, जास्त माणसांची जहाजे पुढे जावीत हा विचार तेव्हा सहज पटणारा असेल. पण दहा फुटांच्या बुडाचे जहाज उथळ लावलेल्या सुरुंगांवर सर्वांत आधी जाऊ द्यायचे नव्हते. सिन-डोवरच्या तोफा आधी गप्प करायला हव्या होत्या. सफाई जहाजाला वळता येत नाही, हे माहीत असताना त्याला तोफेच्या टप्प्यात पाठवणे ही चूक होती.

तारखेबाबत वरच्या पातळीवर एक साधी सोय हवी होती. शहर पडल्याचे कळल्याबरोबर सफाई तुकडीच्या प्रमुखाला थेट विचारायला हवे होते: ‘आता घाई नसेल, तर तुम्हाला किती दिवस लागतील?’ हा प्रश्न ११ ऑक्टोबरला विचारला गेला असता, तर तारीख निदान आठवडाभर पुढे गेली असती असे मला वाटते, आणि १२ तारखेच्या दुपारी ‘पायरेट’ त्या पाण्यात शिरले नसते.